रुक्मिणबाईंचा आवाज आणि लाइटवाला डबा

“उगंच हेलपाटा घातला ताई तुमी. माझा आवाज मशीनला चालत न्हाई,” रुक्मिणबाई म्हणाल्या, चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि चुलीकडे निघून गेल्या.

मी उमापूरला त्यांच्या घरी, मागच्या खोलीत बसले होते. टेबलावर लॅपटॉपशेजारी एक काळा डबा होता. त्यावर लाल, निळे, हिरवे लाइट पळत होते. एक बटण दाबलं की टाळ्या वाजायच्या, दुसरं दाबलं की माणसं हसायची. हा म्हणे रेकॉर्डिंग स्टुडिओ.

बीडमध्ये माझा छोटा स्टुडिओ आहे, बरीच वर्षं मी साउंडचंच काम करते. रुक्मिणबाईंचा मुलगा ज्ञानोबा मला घेऊन आला होता. घरची मेंढरं आणि थोडी शेती. आई हळदीची गाणी म्हणते, आजूबाजूच्या गावांत हळद असली की तिला बोलावणं येतंच. ही गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवावीत म्हणून ज्ञानोबाने खोली रिकामी केली, भिंतींना गोधड्या टांगल्या आणि बीडच्या एका दुकानातून ‘फुल स्टुडिओ किट’ आणलं.

मी रेकॉर्डिंग ऐकलं. मागे सतत सूं-सूं. बाईंचा आवाज लांबून, पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा. आणि ढोलकी पुढे, बाई मागे.

“दुकानदाराला ऐकवलंस का हे?”

“ऐकवलं की. आईला घेऊनच गेलतो. ते म्हणले, मशीन एकदम ओके हाय. बाईंचा आवाजच पातळ हाय, अन् तालात बी न्हाईत. एखादी शिकलेली सिंगर बघा.”

“आईसमोर म्हणाला?”

“समोरच.”

“आणि तू काय म्हणालास?”

ज्ञानोबा खाली बघत म्हणाला, “मला बी वाटलं, वय झालंय आता तिचं.”

त्या दिवसापासून रुक्मिणबाईंनी गाणं सोडलं होतं. सख्ख्या पुतणीची हळद होती, तर त्या बायकांच्या मागे जाऊन बसल्या आणि शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. हे ऐकलं आणि माझं डोकं तापलं. एवढ्या वर्षांत मी चांगले-वाईट खूप आवाज रेकॉर्ड केलेत, पण मशीन विकणाऱ्याने कुणाचं गाणं बंद पाडलेलं पाहिलं नव्हतं.

दोष शोधायला फार वेळ लागला नाही. माइक कंडेन्सर होता. हा माइक बारीकसारीक आवाजही टिपतो, पण त्याला स्वतःला वीज लागते, अठ्ठेचाळीस व्होल्टची. ती त्याच्या वायरमधूनच जाते, आम्ही तिला फँटम पॉवर म्हणतो. या डब्यात ती नव्हतीच. माइकची वायर मोबाइलच्या हेडफोनला असते तसल्या पिनेने डब्यात खुपसली होती. माइक उपाशी. मग आवाज यावा म्हणून वॉल्यूम फुल्ल करायचा, की त्याबरोबर सूं-सूंही फुल्ल.

आता ताल. बाई हेडफोन लावून गायच्या. त्यांचा आवाज आधी लॅपटॉपमध्ये जायचा आणि तिथून फिरून कानात यायचा. त्यात जरासा उशीर व्हायचा. याला लेटन्सी म्हणतात. स्वतःचाच आवाज असा मागून ऐकू आला की कुणीही अडखळतो. मी ज्ञानोबाला हेडफोन लावला आणि म्हटलं, बोल काहीतरी. दुसऱ्याच वाक्याला त्याची जीभ वळेना.

“च्यायला!” म्हणाला आणि हेडफोन काढून चुलीकडे बघत राहिला.

मी रुक्मिणबाईंना बोलावून सगळं सांगितलं.

“मंग त्यानं तसं कावून म्हणलं?”

“त्याला डबा परत घ्यायचा नव्हता.”

“मला वाटलं, दुकान टाकून बसलेला माणूस हाय, त्याला कळत असंल.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी किट पिशवीत घालून आम्ही तिघं त्या दुकानात गेलो. मी नुसतं ‘ऑडिओ इंटरफेस दाखवा’ म्हटलं. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल अशा रूपात बदलून देणारं यंत्र. दुकानदाराने आठ माइकचं भलंमोठं मशीन काउंटरवर ठेवलं.

“मॅडम, घेताय तर मोठंच घ्या.”

“गाणारी एक, ढोलकी एक. बाकीचे माइक कुणाला लावू, मेंढरांना?”

मग खालच्या फळीवरून दोन छोट्या डब्या निघाल्या, हाताच्या पंजाएवढ्या. दोन्हींत दोन माइकची सोय आणि खरी फँटम पॉवर. पण एकीत डायरेक्ट मॉनिटरिंग नव्हतं, म्हणजे आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात देण्याची सोय. ती मी परत केली. दुसरी माझ्या लॅपटॉपला आणि किटमधल्याच माइकला जोडली.

“रुक्मिणबाई, म्हणा.”

“हितं? ह्याच्यासमोर?”

“याच्यासमोरच.”

त्यांनी पदर सारखा केला, हेडफोन लावला आणि हळदीचं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीला आवाज दबलेला होता. दुसरीला स्वतःचा आवाज नीट कानावर पडला असावा, कारण त्यांची मान वर आली आणि आवाज मोकळा सुटला. दारातली गिऱ्हाइकं थांबली. मग मी रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. शब्द न् शब्द स्वच्छ, ताल पक्का.

दुकानदार मान डोलवत म्हणाला, “बघा, मशीन भारी असलं की असा फरक पडतो!”

“अहो, वाईट आलं तेव्हा दोष बाईंचा आणि चांगलं आलं की गुण मशीनचा?” माझा आवाज चढला होता.

“मॅडम, तुम्ही चिडू नका...”

रुक्मिणबाईंनी हेडफोन काउंटरवर ठेवला. “भाऊ, त्या दिशी तुमी माझ्या लेकासमोर म्हणलता, माझा आवाज पातळ हाय. लेक आज बी हितंच हाय. आता काय ते त्याला सांगा.”

दुकानदाराने दारातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. “चुकलं मावशी. त्या किटला तो माइक चालतच नाही नीट.”

म्हणजे याला माहीत होतं! अज्ञानातून बोलला असता तर मी सोडूनही दिलं असतं. पण माहीत असताना त्याने एका बाईला तिच्या मुलासमोर बेसूर ठरवलं होतं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने किट परत घेतलं आणि ती छोटी डबी व दोन माइक दिले.

आता त्या खोलीत एक माइक रुक्मिणबाईंसमोर असतो, दुसरा ढोलकीपुढे. गाणी साठत चालली आहेत. मी एकदा त्यांच्या आवाजाला थोडा इको लावून ऐकवला, तर म्हणाल्या, “हे काढा. मी काय हिरीत बसून गायले का?” विहिरीतला आवाज नको म्हणणाऱ्या क्लायंट मला फार कमी मिळाल्या आहेत. मी इको काढला.

घरी स्टुडिओ करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: एकटा गाणारा आणि एक वाद्य असेल तर दोन माइकचा इंटरफेस पुरतो. फँटम पॉवर आणि डायरेक्ट मॉनिटरिंग आहे का, ते विचारा. आणि मशीन नीट न चालवता दुकानदार गाणाऱ्याचाच दोष काढायला लागला, तर दुकान बदला.