मिलिंददादाचं पाचवं शील

जालन्याच्या हॉटेलात मी बारा वर्षं मिलिंददादाच्या हाताखाली बार सांभाळला. रोज काहीतरी घडायचं, घरी जाऊन बायकोला सांगितलं की त्याचा किस्सा व्हायचा. असे ढीगभर साठलेत.

*

दादा एवढा नावाजलेला बारटेंडर, पण दारूचा थेंब पोटात जाऊ द्यायचा नाही. नवं कॉकटेल जिभेवर धरायचा, चव बघून थुंकायचा. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "तुम्ही स्वतः काय घेता?"

"चहा. साखर कमी."

*

कुणाला जास्त झाली की दादा म्हणायचा, "साहेब, बर्फ संपला." मागं बर्फाचं मशीन घरघरत असायचं! नेहमीची गिऱ्हाइकं मुकाट उठायची. दादा खोटं बोलायचा ते एवढंच.

*

मोसंबी आणि हिरव्या मिरचीच्या त्याच्या कॉकटेलला मुंबईच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. नाव ठेवलं 'टेंभुर्णी', आपल्या गावाचं. पेपरात फोटो आला. त्याचे वडील गावातले निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी बातमी वाचली, पेपरची घडी केली आणि शेजाऱ्याला दिली. "पावसाचं काय लिव्हलंय बघा."

हे दादानं मला हसत सांगितलं. मग तासभर एकच ग्लास पुसत राहिला.

*

दादाला स्थळ आलं. मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

चुलते म्हणाले, "हॉटेल लाईनला हाय."

गुरुजी म्हणाले, "दारू पाजतो."

स्थळ मोडलं. मी चिडलो, तर दादाच मला समजावू लागला. "बाबा खोटं बोलत न्हाईत. मंग काय करावं त्यांनी?"

*

गुरुजींचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी दादासोबत टेंभुर्णीला गेलो. संध्याकाळी बुद्धवंदना होती. गुरुजी एकेक शील सांगणार, घरचे मागून म्हणणार. पाचवं शील दारूपासून लांब राहण्याचं. ते आलं की दादा वर्षानुवर्षं गप्प बसायचा. दुसऱ्याला पाजणाऱ्यानं ते कोणत्या तोंडानं म्हणायचं? गुरुजी त्याला कधी टोकत नसत, पण वंदना झाल्यावर त्याच्याशी बोलतही नसत.

उशीला टेकून गुरुजींनी चार शीलं सांगितली. मग थांबले. दादाच्या आईला वाटलं दम लागला, तिनं पाणी पुढं केलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि दादाकडं बराच वेळ बघितलं.

मग पाचवं न सांगताच हात जोडून त्यांनी वंदना संपवली, "साधु, साधु, साधु."