पाचव्या घराचं पीठ

देवीवर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला स्वतःलाच धड सांगता आलं नसतं. सासूबाई होत्या तोवर हा प्रश्नच आला नाही, कारण घरातली सगळी भक्ती त्यांनी एकटीनं अंगावर घेतली होती. मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालायची, हातात वेताची परडी घ्यायची आणि तुळजापूरच्या आईच्या नावानं पाच घरी जोगवा मागायचा. कुणी मूठभर पीठ घाले, कुणी मीठ. जे मिळेल ते शिजवून प्रसाद म्हणून खायचं. हिमायतनगरच्या आमच्या इमारतीत परडी घेऊन लिफ्टमधून फिरणाऱ्या सासूबाई दिसल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी आबिड्सला एका विमा कार्यालयात नोकरी करते आणि शेजारणीकडे विरजण मागायलाही माझी जीभ अडखळते. गेल्या वर्षी त्या गेल्या, परडी देवघराशेजारच्या खिळ्यावर अडकवली गेली आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सोमवारी दुपारी आमची मनू इमारतीच्या अंगणातल्या झोपाळ्यावरून पडली. आठ वर्षांची पोर. उजवा हात कोपरापाशी वाकडा झाला होता. हाडांच्या डॉक्टरकडे नेऊ, असं मी म्हणाले. पण ह्यांच्या घराण्यात हाड मोडलं की पावलं आपोआप हाडवैद्याकडे वळतात. "आमच्या काकाचा पाय असाच बसवला होता की," हे म्हणाले, "आजबी शेतात चालतेत. डॉक्टर आधी कापायचंच बोलतेत." मी वाद घातला नाही. ती चूक मी ह्यांच्यावर ढकलणार नाही, कारण ऑपरेशनच्या नावाला मीही घाबरले होते. शहराबाहेरच्या त्या वैद्यानं पाल्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि वरून कापड करकचून बांधलं. घट्ट असल्याशिवाय हाड धरत नाही, असं तो म्हणाला आणि आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या.

रात्रभर मनू कळवळत होती. सकाळी मात्र शांत झाली. "आई, आता दुखत नाही," ती म्हणाली. "हात झोपलाय." हे ऐकून ह्यांचा जीव भांड्यात पडला आणि हे कामावर गेले. मी रजा टाकून तिच्याजवळ बसले. पडदे ओढलेले होते, कूलर घरघरत होता, लेपाचा ओला कडवट वास खोलीभर भरला होता. आम्ही दोघी पाण्याच्या तळाशी बसलोय असं मला वाटत होतं. अर्धवट झोपेतच ती पुटपुटली, "आजी असती तर जोगवा मागून आली असती ना?" मी हो म्हणाले. "मग तू जा ना," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

मी कशी उठले हे आजही मला नीट आठवत नाही. माळ गळ्यात घातली तेव्हा कवड्या मानेला गार लागल्या, तेवढं मात्र पक्कं आठवतं. खिळ्यावरची परडी काढली, दार ओढून घेतलं आणि जिना चढले. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू काकूंसमोर "आई राजा उदो उदो" हे शब्द कसेबसे ओठांतून बाहेर पडले. त्यांनी मात्र परडी पाहिली, "यल्लम्मा तल्ली!" असं आपल्या देवीचं नाव घेत परडीला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि ओंजळभर तांदूळ घातले. मग आणखी तीन घरं झाली. कुणी हसलं नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. जिन्यातलं ऊन, बंद दारं, माझीच पावलं, सगळं स्वप्नात चालावं तसं चाललं होतं.

चार घरं झाली. बाकीच्या दारांना सुट्टीची कुलपं होती. उरलं फक्त तळमजल्यावरचं एक घर. महिन्यापूर्वी तिथं एक वयस्कर मुसलमान बाई एकट्या राहायला आल्या होत्या. इमारतीतली पोरं त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत; आमची ओळख जिन्यातल्या हसण्यापुरती होती. देवीची परडी घेऊन त्यांच्या दारात जावं का? त्यांना काय वाटेल, हा प्रश्न मनात आलाच, आणि लाज वाटते सांगायला, पण हे घर पाचात धरलं जाईल का, हाही आला. मग सासूबाई आठवल्या. दार उघडणाऱ्याला नाव विचारताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी बेल वाजवली.

"क्या होना, बेटा?"

"देवी के नाम का थोडा आटा," मी म्हणाले, आणि तेवढ्यानंच मला रडू फुटलं. "बच्ची का हात टूट गया."

त्या आत जाऊन वाटीभर पीठ घेऊन आल्या, पण परडीत ओतेनात. कधी मोडला, कुणी बांधला, एकेक विचारत राहिल्या. मी सांगत गेले. "अब दर्द कैसा है?"

"सुबह से दर्द नै है," मी जवळजवळ अभिमानानंच म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. "दर्द नै है बोले तो अच्छा नै है, बेटा." वाटी तिथंच ठेवून त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चलो, मेरेकू दिखाओ."

त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात, हाडांच्या विभागात, प्लास्टरच्या खोलीत गेली होती, हे मला लिफ्टमध्ये कळलं. मनूची नखं निळसर झाली होती. खालांनी एक नख दाबून सोडलं, त्यात रंग परत येईना. एक बोट हलकेच सरळ केलं तशी मनू किंचाळली. "कैंची देओ." कापड कापलं गेलं, कामट्या खाली पडल्या. मी काहीतरी बोलू लागले तर म्हणाल्या, "बातां बाद में. ऑटो बुलाओ." लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर कुठं बसतात हे त्यांना ठाऊक होतं. मला ते शोधायलाच संध्याकाळ झाली असती. करकचून बांधल्यानं रक्त अडलं होतं, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हा हात कामाचा राहिला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. हे धावत आले आणि मान खाली घालून माझ्या शेजारी बसले. समोरची माणसं माझ्याकडे टक लावून का बघतात ते मला उशिरा कळलं. कवड्यांची माळ तशीच गळ्यात होती. मी ती काढली नाही.

यात चमत्कार होता का, ते मी ठरवत बसत नाही. खाला शेजारीच होत्या, त्यांना सगळं येत होतं आणि त्यांचं दार वाजवायला मला परडी लागली, एवढंच मला माहीत आहे. शरण जायचं म्हणजे हात जोडायचे, असं मी समजत होते. त्या दिवशी आईनं मला हात पसरायला लावला.

मनूचं कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही. बोटं तर सुरुवातीला मुठीतून सुटतच नव्हती. गरम पाण्यात हात बुडवून रोज एकेक बोट उलगडायचं, तिनंही रडायचं आणि मीही. महिन्याभरानं एका मंगळवारी मला आठवलं की तो जोगवा चार घरांवरच राहिलाय. मनूला घेऊन मी खाली गेले आणि चाचरत खालांना तसं सांगितलं.

त्यांनी फळीवरून झाकलेली वाटी काढली. "वैसाच रखी मैं. तुम्हारी अम्मा के नाम का है ना, रोटी में कैसे डालती?"

मी परडी पुढं केली. माझ्या आधी मनूनं उजवा हात पुढं केला. बोटं सावकाश उघडत गेली, करंगळी सगळ्यात शेवटी. उघड्या तळव्यावर खालांनी पीठ घातलं आणि मनूनं त्यातलं कणभरही सांडू दिलं नाही.