पद्माबाईची सही

जवळा बाजारच्या पद्माबाई पाईकराव साक्षरता वर्गात सही करायला शिकल्या, तेव्हा सगळ्यात जास्त कौतुक नवऱ्याला, जळबाला, झालं होतं.

जळबा रोजानं फवारणीला जायचा. त्या सप्टेंबरात कपाशीवर फवारताना पाठीवरचा पंप गळला, सदरा भिजला, तरी त्यानं दिवस भरला. संध्याकाळी तोंडातून लाळ सुटली, छाती घरघरायला लागली. जीपनं हिंगोली, तिथून ॲम्ब्युलन्सनं नांदेड.

तिथं डॉक्टर अनुश्रींनी कागद पुढं ठेवला. "मावशी, या विषावर नवीन औषध तपासतोय. नेहमीचे उपचार चालूच राहतील. त्याशिवाय निम्म्या पेशंटना हे औषध, निम्म्यांना साधं सलाईन. कुणाला काय, ते मलाही कळणार नाही. नको असेल तर नाही म्हणा."

"त्यानं वाचतील का?"

"माहीत नाही. तेच बघायचंय."

पद्माबाईंनी सही केली.

तिसऱ्या दिवशी जळबा बोलला. "तू जेवली का?" एवढंच. दुपारी त्याला उशीवरून मान उचलता येईना. मग श्वास अडकला, मशीन लावलं. चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्याला दीर देविदास सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, बोलून राहिला होता माणूस. तुमी प्रयोगाला दिला त्याला."

 त्यानंतर कुठंही सही मागितली की पद्माबाई अंगठाच पुढं करायच्या.

दीड वर्षानं त्या औषधाचा अभ्यास संपल्याचा दवाखान्यातून फोन आला. त्या एकट्याच नांदेडला गेल्या. अनुश्रींनी कुणाला काय दिलं होतं त्याची यादी पाहिली.

"मावशी, त्यांना साधं सलाईन होतं."

"म्हंजी माज्या सहीनं न्हाई गेले?"

"नाही. विषानं गेले."

"आन् ते औषध भेटलं असतं तर?"

"ज्यांना मिळालं, त्यांच्यातही तेवढेच गेले."

पद्माबाई बाकावर बसून रडल्या. रडणं थांबल्यावर हे घरी जाऊन जळबाला सांगावं, असं क्षणभर मनात आलं, आणि पुन्हा हुंदका फुटला.

गावात त्यांनी देविदासला सांगितलं. 

"बराबर हाय, वहिनी," तो म्हणाला. "कुणावर तरी राग काढायचा होता मला."

त्याला बाहेरच उभं ठेवून त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.