वुबशेतचे दोन घास

देब्रे बिरहानच्या बाजारात येशीच्या इंजेराला, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ, जाळीदार भाकरीला, तोड नव्हती. बाई तोंडाची तिखट, पण हात सढळ. गुर्शा, म्हणजे आपल्या हाताने दुसऱ्याच्या तोंडात भरवायचा घास, तो तर ती एवढा मोठा वळायची की खाणाऱ्याचे डोळे बाहेर यावेत. आणि नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. गुर्शा नाकारला म्हणजे भरवणारं माणूसच नाकारलं.

तिचा नवरा वुबशेत, पेशाने शिंपी. पोटात गाठ झाली म्हणून डॉक्टरांनी त्याचं जठर काढून टाकलं. घरी सोडताना सिस्टर रोमान म्हणाल्या होत्या, "थोडं थोडं द्या, बळजबरी नको." येशीच्या डोक्यात एवढंच राहिलं, की याला खाऊ घालायचं.

दोघं एकाच ताटाशी बसायची. दोन घास झाले की वुबशेत मान फिरवायचा.

"पुरे गं. पोट भरलं."

"दोन घासांत? कुणाकडे जेवून आलात?"

"खरंच भूक नाही, येशी."

"तीस वर्षं होती, ती आत्ताच बरी गेली!"

फासिकाचा, म्हणजे ईस्टरचा सण आला. पंचावन्न दिवसांचा उपास सुटायचा, घर पाहुण्यांनी भरलेलं. येशीने कोंबडीच्या रश्श्याचा घास वळून नवऱ्यापुढे धरला. त्याने ओठ मिटले. सगळ्यांदेखत तिचा पारा चढला. "का हो, माझ्या हाताला आता घाण येते का?"

वुबशेतने मुकाट्याने तोंड उघडलं. एक, दोन, तीन. मग घामाने डबडबून तो अंगणात गेला आणि सगळं ओकला. तरी ही बाई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. तो मूर्खपणा तिला जन्मभर पुरणार होता.

पावसाळा सरता सरता दुखणं उलटलं आणि वुबशेत गेला.

उरलेली औषधं परत करायला ती दवाखान्यात गेली. "शेवटपर्यंत रुसून राहिले," ती म्हणाली. "माझ्या हातचं नको झालं होतं त्यांना."

सिस्टर रोमाननी तिला बाकावर बसवलं. "नाही हो, आई. भुकेचा निरोप मेंदूला जातो तो बहुतेक जठरातून. जठरच नाही, तर भूक लागणार कुठून? आणि अन्न थेट आतड्यात पडलं की आतडं लगेच 'बस्स' म्हणून कळवतं. ही शरीरातली संप्रेरकं, आई. ते माणसाच्या हातात नसतं."

"पण रोज दोन घास तर ते खायचेच की!"

"भूक नसताना? ते तुमच्यासाठी खायचे."

घरी येऊन येशीने ताट वाढलं आणि सवयीने घास वळला. नाकारलेला एकेक घास तिला आठवत होता. रोज घेतलेल्या दोन घासांकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं. हातातला घास गार झाला, तरी तो तिला खाली ठेववेना.