ताकदीच्या गोळ्या

माझा धाकटा भाऊ गलाई कामगार होता. आमच्या कवठे महांकाळच्या बाजूची पोरं मिसरूड फुटायच्या आत परमुलखात जातात आणि सोनं-चांदी गाळायच्या दुकानांत राबतात, तसाच तोही गेला होता. नव्वदनंतरच्या एका वर्षी तो परत आला तो निम्मा होऊन. मी सांगलीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचे. त्याचं रक्त मीच काढलं, मीच तपासलं. मग भावजयीचंही, अशक्तपणा बघायचाय असं सांगून. दोघांनाही एचआयव्ही होता.

मी घरात कुणालाच खरं सांगितलं नाही. भावाला म्हटलं, रक्तात दोष आहे. गावात नाव फुटलं असतं तर आमच्या दारात कुणी पाणीसुद्धा प्यायलं नसतं, आणि असल्या बाबतीत आमचं गाव फार तत्पर. पुण्याच्या एका डॉक्टरांकडून मी महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणायला लागले. औषध इतकं महाग की एकाचंच कसंबसं जमत होतं. मी भावाला निवडलं. तेव्हा मी घटकाभरही विचार केला नव्हता. एरवी नाकानं कांदे सोलणारी मी, रक्ताचं नातं म्हणून भावजयीच्या तपासणीचा कागद फाडून टाकला आणि एसटीत बसले.

गोळ्या मी कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरायचे आणि आईच्या हातात द्यायचे. "ताकदीच्या आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक, त्याला चुकवू नको." घरातलं औषधपाणी आईच्या ताब्यात असे. महिनाअखेरीला डबी बरोबर रिकामी व्हायची, त्यामुळे मी निर्धास्त होते.

पहिले काही महिने भाऊ सुधारला. अंगावर मांस आलं, तो शेरडं घेऊन माळावर जायला लागला. मी मनात पेढे वाटले. मग ताप परतला, तोंडात पांढरा थर धरला, घास उतरेना. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "दोन्ही वेळा घेतोय ना?" मी ठणकावून हो म्हणाले.

"मग विषाणू औषधाला सरावला," ते म्हणाले. "तो स्वतःच्या नकला काढतो आणि त्यात चुका करतो. एखाद्या चुकीतून औषधाला दाद न देणारा निपजतो. औषध अपुरं पडलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढतो. त्यातून आमची पुस्तकं विषाणूच्या परदेशातल्या जातीवर लिहिलेली, आपल्याकडे दुसरीच जात आहे. एका औषधावर तुमचा भाऊ फार दिवस निघाला नसताच. पण औषध इतक्या लवकर वाया जायला नको होतं."

त्याच आठवड्यात मी न कळवता गावी गेले. दिवेलागणीची वेळ होती. भाऊ अंथरुणावर पडलेला आणि आई डबी उघडून संध्याकाळची गोळी भावजयीच्या तळहातावर ठेवत होती.

मी आईला परड्यात ओढत नेलं. कधीपासून चाललंय म्हणून विचारलं.

"पैल्यापास्नं," आई म्हणाली. "सकाळची त्याला, सांजची तिला."

"अगं, त्या त्याच्या होत्या. अर्ध्या दिल्यास म्हणून औषध वाया गेलं. आता त्याला पुऱ्या दिल्या तरी लागू पडायच्या न्हाईत."

आई खाली बसली. मग म्हणाली, "त्या ताकदीच्या न्हाईत, हे मला ठावं हुतं. गलाईवरनं आलेली आणिक दोन पोरं गेली की गावातली. आन् तिला बी त्येच हाय, मला दिसत न्हाई व्हय? एका ताटात जेवत्यात दोघं. लेकाला जगवायचं आन् तिनं बघत बसायचं? मला न्हाई जमलं." मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "तुला ठावं हुतं का, तिचं?"

मी मानेनंच हो म्हटलं. आई उठून आत गेली आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिच्यावर चिडायला मला तोंड उरलं नव्हतं.

भाऊ शिमग्याच्या आधी गेला. त्यानंतरच्या महिन्यात मी पुन्हा पुण्याला गेले आणि तेच औषध घेतलं. डॉक्टर म्हणाले, तीही अर्ध्या मात्रेवर होती, तिच्यातलाही सरावला असणार, दुसरं औषध माझ्याकडे नाही. तरीही मी ते घेतलं. रिकाम्या हातानं तिच्यासमोर जाणं मला शक्य नव्हतं.

भावजयीनं डबी उघडली, दोन गोळ्या हातावर घेतल्या आणि विचारलं, "वन्सं, आता सकाळची बी माजीच का?"

मी हो म्हणाले.