आवणीतली चाचणी आणि साहेबांचा सत्कार

"पश्चिम भागात हुशार मुलं नाहीत, मॅडम. असती तर निवडीत आली नसती का?"

फायलीतून मान वर न काढता तालुक्याचे शिक्षण अधिकारी साहेब हे बोलले. मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. खुर्ची होती, पण बसा म्हणायची तसदी कोणी घेतली नव्हती. माझ्या पिशवीत आमच्या संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा होता, सायक्लोस्टाईल मशीनवर काढलेला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'हुशारी डांबरी रस्त्यालगतच उगवते काय?' ते वाक्य माझंच. आजही मला ते आवडतं.

गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. मी जुन्नरला शिक्षणावर काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत पूर्णवेळ कार्यकर्ती होते. पूर्णवेळ म्हणजे काय, तर सकाळी एसटीनं गावात जायचं, पालकांची बैठक घ्यायची, संध्याकाळी परत येऊन निवेदन लिहायचं. निवेदन म्हणजे नम्र विनंतीच्या भाषेत लिहिलेलं भांडण.

त्या वेळी सरकारी खर्चानं चौथीच्या हुशार मुलांचा एक खास वर्ग चालायचा. एका तालुक्याला एक वर्ग. निवडलेल्या मुलांना राहणं, जेवण, पुस्तकं, वेगळे शिक्षक, सगळं मोफत. तिथं गेलेलं मूल पुढं चांगल्या निवासी शाळेत जायचं. त्यासाठी निवड चाचणी व्हायची, फक्त चौथीतल्या मुलांची. पाचवीत गेलात की दार बंद.

आता निवडीत कोण यायचं? पूर्वेकडची मुलं. निमगाव सावा, ओतूर, तो सगळा पट्टा. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती मुलं अभ्यास करत होती, पास होत होती. पण पश्चिमेला घाटघरच्या वाटेवरच्या गावांमधून वर्षानुवर्षं एकही नाव नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेलाही तीच तऱ्हा. यावरून साहेबांनी निष्कर्ष काढला होता की डोंगरात डोकी कमी.

खरं कारण शेंबड्या पोरालाही कळेल असं होतं. चाचणी जुलैत व्हायची. जुलैत आमच्या पश्चिम भागात आवणी असते. आवणी म्हणजे भाताची लावणी. राबात, म्हणजे भाजलेल्या वाफ्यात, वाढवलेली रोपं उपटायची, मूठ बांधायची, खाचरात चिखल करून लावायची. पाऊस आहे तोवरच हे होतं. त्या दिवसांत घरातली म्हातारी, गरोदर बाई, चौथीतलं पोर, सगळे चिखलात. शाळेत मास्तर आणि भिंती. त्यातून चाचणीचं केंद्र बाजारगावात आणि रस्त्यावर ओढ्याचं पाणी. मुलं नापास होत नव्हती. ती चाचणीला पोचतच नव्हती. कागदावर दोन्हीचा अर्थ एकच लागत होता.

मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पालकांनी मुलांना कामाला लावू नये. कायदा वाचा जरा."

"भात कोण लावणार मग?"

"तो कृषी खात्याचा विषय आहे."

एक पत्रक त्यांच्या टेबलावर ठेवून मी बाहेर आले ती मोर्चा काढायचा असं ठरवूनच.

त्या आठवड्यात घाटघरच्या अलीकडच्या एका गावात शाळेच्या पडवीत पालकांची बैठक घेतली. आवणी उरकली होती, माणसं जरा मोकळी झाली होती. हिराबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. तिची सुमन चौथीत. गुरुजींनी मला आधीच सांगितलं होतं, या मुलीला गणित सांगावं लागत नाही, फळ्यावर मांडेपर्यंत ती उत्तर देते. सुमन त्या वर्षी चाचणीला गेली नव्हती. आईबरोबर खाचरात होती. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा लांब, आणि चौथी झाल्यावर मुलींना घरीच ठेवायची रीत. म्हणजे तिच्यापुरता हिशोब सरळ होता. याच वर्षी निवड झाली तर ती शिकणार. नाहीतर पुढच्या आवणीला ती पूर्ण वेळ मजूर.

मी तावातावानं बोलले. कचेरीवर मोर्चा, मग धरणं, घोषणा, पत्रकं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दगडूभाऊ बोलले. हे मुंबईला गोदीत काम करून गावी परतलेले, त्यांचा नातू तिसरीत. बोलायला कोणाला घाबरायचे नाहीत.

"ताई, मोर्चा झाक हाये. पण आमी दारात उभं राहिलो की सायब मागल्या दारानं जातो. आपुन बोंबलतोय शिपायाफुडं."

"मग काय करायचं म्हणता?"

"सत्कार करू."

मला वाटलं चेष्टा करताहेत. "कोणाचा?"

"सायबाचा. दुसऱ्या कुणाचा?"

"त्यांनी काय केलंय सत्कार करण्यासारखं?"

"कायबी न्हाई केलं. म्हणून तर करायचा. काम झाल्याव कोण सत्कार करतंय राव? काम झालं की मानूस घरी जातो."

पडवीत हसू पसरलं. मला मात्र राग आला. मी म्हणाले, हक्काची गोष्ट आहे, त्यासाठी नारळ कशाला द्यायचा? ही लाचारी आहे. आमची संघटना यात नाव देणार नाही.

हिराबाई म्हणाली, "नका दिऊ नाव. नाव सुमनचं पायजे, तुमचं न्हाई."

हातातलं पत्रक मी पिशवीत परत टाकलं.

आमच्या भागात सत्कार हा प्रकार बाहेरच्याला कळणार नाही. नवीन फौजदार आला, सत्कार. तलाठ्याच्या मुलाचं लग्न झालं, सत्कार. शाल, नारळ, फेटा, प्रास्ताविक, मग सत्काराला उत्तर. हे उत्तर महत्त्वाचं. ज्याच्या खांद्यावर शाल पडली त्याला उठून चार शब्द बोलावेच लागतात, आणि त्या चार शब्दांत गावाला काहीतरी द्यावं लागतं. नुसतं आभार मानून बसला तर लोक वर्षभर नावं ठेवतात. अधिकारी मोर्चाला येत नाही. सत्काराला स्वतःची जीप काढून येतो.

तसे साहेब आले. भाद्रपदातली दुपार होती. शाळेच्या अंगणात जत्रेतला कर्णा लावला होता. साहेबांबरोबर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या डझनभर शाळांवर देखरेख करणारा माणूस. मी मागं बायकांमध्ये बसले. साहेबांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा आंबट झाला.

फेटा बांधून झाला. शाल घातली. मग दगडूभाऊ माइकवर गेले.

"आपल्या भागात कवा कुनी असा सायब बघितला न्हवता. येवढ्या लांबनं, येवढ्या खराब रस्त्यानं आले. आनि का आले? तर आपल्या पोरांची परीक्षा आवणी झाल्यावर घ्यायची, असं त्यांनी मनावर घेतलंय म्हणून. लई मोठ्या मनाचा मानूस. त्यासाठी हा सत्कार."

टाळ्या पडल्या. साहेबांनी केंद्रप्रमुखाकडं पाहिलं. केंद्रप्रमुखानं आभाळाकडं पाहिलं. साहेबांनी मग माझ्याकडं पाहिलं. हे मी शिकवलं असा त्यांचा समज झाला असणार. मला तर ते प्रास्ताविक त्यांच्याइतकंच नवीन होतं.

साहेब उत्तराला उठले. मुरलेला माणूस. म्हणाले, "आपल्या भावना मी वर कळवतो."

'वर कळवतो' याचा अर्थ सांगते. कागद वर जातो आणि वरच राहतो.

टाळ्या पडल्या नाहीत. एकही नाही. साहेब थोडे थांबले. पदर सावरत बायका बघत होत्या, पुरुष बघत होते, कर्णा नुसता खरखरत होता. अंगावर नवी शाल घेऊन अशा शांततेत उभं राहणं सोपं नसतं. साहेब खाकरले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून पश्चिम भागाची चाचणी आवणीनंतर घेण्याबाबत मी स्वतः लक्ष घालीन."

आता टाळ्या पडल्या, जोरात. साहेब सुटल्यासारखे खाली बसले. मी मात्र टाळी वाजवली नाही. पुढच्या वर्षी म्हणजे सुमनची संधी गेली.

तेवढ्यात औक्षणाला हिराबाई ताट घेऊन पुढं गेली. ओवाळून घेताना माणसानं बसून राहायचं असतं, उठायचं नसतं. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि निरंजन हातात धरून तशीच उभी राहिली.

"सायेब, ही परीक्षा चौथीचीच ना?"

"हो."

"माझी सुमन औंदा चौथीत हाये. फुडल्या साली चौथीत नसंल."

"बाई, यंदाची चाचणी होऊन गेली."

"तुमची झाली. आमची न्हाई झाली. आमी चिखलात व्हतो."

साहेब म्हणाले, "तसं नसतं हो. परत चाचणी घ्यायची म्हणजे तरतूद लागते."

तरतूद म्हणजे बजेटात त्या कामासाठी आधीच ठेवलेला पैसा. सरकारी माणसाला काम करायचं नसलं की पहिला शब्द हाच येतो. दगडूभाऊ लगेच म्हणाले, "जागा शाळेची. परीक्षा घ्यायला येतील त्यांचं जेवान माझ्या घरी. आनि कसला पैका लागतो?"

"अहो, प्रश्नपत्रिका छापाव्या लागतात."

इथं मला राहवलं नाही. असल्या चाचण्यांची कामं मी जवळून पाहिली होती. मी उभी राहिले. "छापायला नको, साहेब. पेपर फुटलाच तर हाताशी असावा म्हणून दरवेळी राखीव संच छापतात. वेगळे प्रश्न, सीलबंद पाकीट. यंदाचा तुमच्या कपाटात असेल. वापरला नाही तर तो रद्दीतच जाणार आहे."

साहेबांनी केंद्रप्रमुखाला विचारलं, "आहे का हो?"

केंद्रप्रमुख म्हणाला, "असतो, सर." बिचाऱ्याला खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

हिराबाई अजून ओवाळून ताट बाजूला नेत नव्हती. तिच्यामागं आणखी चार बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. साहेबांच्या कपाळावरून घाम कुंकवात उतरला.

"बरं," ते म्हणाले, "दसऱ्याच्या आत घेऊ. याच शाळेत."

मी म्हणाले, "तसा लेखी आदेश आजच—"

दगडूभाऊंनी माइकवर हात ठेवला आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "ताई, आता गप ऱ्हावा. सायबाला जेवू द्या."

साहेब जेवले. पिठलं, नाचणीची भाकरी, वर दूध. जाताना म्हणाले, "मॅडम, तुमच्या पत्रकापेक्षा जेवण बरं होतं." मी म्हणाले, "पत्रक वाचलंत, हेही काही कमी नाही."

दसऱ्याच्या आत चाचणी झाली. त्यांनी शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. आजूबाजूच्या वाड्यांमधून मुलं चालत आली. पडवीत ओळीनं बसली. गुरुजींना आत यायची परवानगी नव्हती, ते बाहेर चिंचेखाली येरझारा घालत होते. हिराबाई कुंपणापाशी बसून होती. सुमन बाहेर आली तेव्हा तिनं पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.

सुमनची निवड झाली. तिच्याबरोबर डोंगरातली आणखी काही मुलं आली. डोंगरात डोकी कमी नव्हती. कॅलेंडर चुकीचं होतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती सत्काराची म्हणून सांगितली असती. पण पुढच्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. नवीन साहेब आले आणि चाचणी पुन्हा जुलैत लागली. जुन्या साहेबांनी दिलेला शब्द त्यांच्याबरोबरच गेला, कारण तो कुठं लिहिलेला नव्हता. आम्ही सत्काराचं नाव काढताच नवीन साहेबांनी हात जोडले. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली असावी. म्हणाले, "शाल-नारळ काही नको. काय पाहिजे ते अर्जात लिहा."

मग माझं काम सुरू झालं. निवेदनं, खेपा, वरच्या कचेरीत तासन्‌तास बसणं. दगडूभाऊ प्रत्येक खेपेला बरोबर आले, कारण त्यांचा नातू आता चौथीत होता. एकदा वैतागून म्हणाले, "ताई, यापरीस सत्कार बरा व्हता. निदान बसायला मिळत व्हतं." शेवटी आदेश निघाला, भात लावणाऱ्या गावांची चाचणी आवणीनंतर, त्यांच्याच भागात. सही-शिक्क्यासह. त्या आदेशावर मुलं चाचणीला बसू लागली. दगडूभाऊंच्या नातवाची चौथी मात्र तोवर सरली होती.

हल्ली नवीन कार्यकर्ते विचारतात, आधी लेखी मागायचं की तोंडी मिळतंय ते घ्यायचं. आमच्या पत्रकांत छापलं होतं, लेखीशिवाय माघार नाही. लेखी पाहिजेच, त्याशिवाय पुढच्या वर्षी पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते. पण ते हातात यायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं, आणि मूल चौथीत एकच वर्ष असतं. आधी त्या मुलाला परीक्षेला बसवा. आदेशासाठी भांडायला आपण आहोतच.