नकाशा संपतो तिथे

"नऊ तास, आई! नऊ!"

"आवाज खाली. बाहेर गिऱ्हाईक बसलंय."

"बसू दे! थेट विमान आहे. नऊ तासांत मी इथे असतो."

"मला शिकवू नकोस. तू पहिल्यांदा गेलास तेव्हा दोन दिवस लागले होते. पोचल्याचा फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता."

"स्वस्तातलं तिकीट होतं ते! दोनदा विमान बदललं. त्यालाही किती वर्षं झाली!"

मी मशीनवर कॉलर उलटवत होते. पाय आपोआप थांबला.

माझी मावशी शर्ट शिवते. एकदा घेतलेलं माप ती पुन्हा घेत नाही. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं आणि शर्ट घट्ट झाला, तर वर त्यालाच ऐकवते, "बदललास तू. माप नाही बदललं." तिचा मुलगा, माझा दादा, परदेशी गेला तेव्हा तिने दुकानात आपला देश अगदी कडेला असलेला, बाहेरून आणलेला जगाचा नकाशा लावला आणि गळ्यातली टेप काढून अंतर मोजलं. आमचं शहर या कडेला, त्याचं पार त्या कडेला. "नकाशा संपतो तिथे राहतो माझा लेक," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, गेले त्याला महिना झाला. दादाला तिने फोन केला तो सगळं उरकल्यावर. रजा मिळाल्यावर आज तो आला होता.

"बाबा अख्खा दिवस दवाखान्यात होते. एक फोन करायचास."

"आणि तू तिकडे तडफडायचास? जीव मुठीत धरून आला असतास, आणि हाती काय लागलं असतं? हे बघ." तिने टेप नकाशावर ताणली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

टेबलावर तयार शर्ट उघडा पसरला होता, दादाने त्यावर बोट ठेवलं. "काजपट्टी या टोकाला, बटणपट्टी त्या टोकाला. लांब आहेत ना?"

"हो. मग?"

त्याने शर्ट उचलून पुतळ्याला चढवला आणि बटण काजात सरकवलं. "आता?"

मावशी बटणाकडे बघत राहिली. मग नकाशाकडे. एकदा ही कड, एकदा ती. ज्या बाईने आयुष्यभर सपाट कापड माणसांच्या अंगाभोवती गुंडाळलं, तिला जग मात्र नकाशासारखं सपाटच वाटत आलं होतं. तिचं बोट आमच्या शहरावरून सरकत नकाशाबाहेर, कोऱ्या भिंतीवर गेलं.

"म्हणजे विमान... इकडून जातं?"

"हो."

"नऊ तासांत?"

टेप तिच्या हातातून गळून पडली. ती मटकन स्टुलावर बसली. ते बघून दादाच वरमला.

"जाऊ दे, आई. बाबांना तसंही काही कळत नव्हतं. शुद्धीवरच नव्हते, तू म्हणालीस ना फोनवर?"

दवाखान्यात मी होते. काका पूर्ण शुद्धीवर होते. दिवसभर नजर दाराकडे. पुन्हापुन्हा विचारायचे, "कुठवर आलाय गं?" आणि मावशी ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपत म्हणायची, "निघालाय. विमानात आहे." संध्याकाळी तर ते हसलेसुद्धा. "मग येईलच आता."

"आई? नव्हते ना शुद्धीवर?"

मावशी उठली. खाली पडलेली टेप ओलांडून दाराशी गेली. बाकावरचं गिऱ्हाईक लगबगीने उभं राहिलं, "काकू, माझा शर्ट?"

त्याच्याकडे न बघता ती अनवाणीच रस्त्यावर उतरली.